ओढ्याकाठचे चार एकर

नेपरव्हिलच्या चर्चामंडळाचा एक विचित्र नियम होता आणि तो कुणी केला हे आता कुणालाच आठवत नव्हतं. वादात जो जिंकेल त्याने पुढच्या महिन्याच्या बैठकीत हरलेल्याची बाजू मांडायची, आणि तीसुद्धा मन लावून. पंचवीस-तीस मराठी माणसं महिन्यातून एका शनिवारी दुपारी लायब्ररीच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमत. घरून चिवडा आणि थर्मासमधून चहा येई. चहापेक्षा डोकी जास्त तापत, म्हणून हा नियम. जिंकलेल्याने फार फुगू नये आणि हरलेल्याने पुढच्या वेळी तोंड चुकवू नये, एवढाच त्यातला हेतू.

गिरीशला हा नियम फार आवडायचा. तो बहुतेक वेळा जिंकायचा आणि मग पुढच्या महिन्यात त्यालाच पुन्हा बोलायला मिळायचं.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत विषय ठरला, ‘समाजवादामुळे भारत मागे पडला’. बाजूने गिरीश, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनियर, अमेरिकेत येऊन सतरा वर्षं झालेला. विरोधात भानुदास, औषधाच्या कंपनीतला केमिस्ट. हा वर्ध्याकडचा, बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातला, सरकारी स्कॉलरशिपवर शिकून इथवर आलेला. दोघांची मैत्री जुनी होती. बर्फात रुतलेल्या एकमेकांच्या गाड्या त्यांनी कितीदा तरी ढकलून काढल्या होत्या.

पहिल्या रांगेत गिरीशचे वडील शंकरराव बसले होते. निवृत्त शाळामास्तर, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. सुनेने, म्हणजे उत्तराने, घेऊन दिलेला जाड कोट त्यांनी हॉलमध्येही काढला नव्हता. अगदी मागे भानुदासची आई गिरजाबाई. पांढरं लुगडं, वर लेकाचा स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. म्हातारी वादाला यायची ती मराठी कानावर पडतं म्हणून.

गिरीश जोरात सुरू झाला. स्कूटरसाठी आठ-आठ वर्षं नंबर, फोनसाठी खासदाराची चिठ्ठी, सिमेंटच्या दोन पोत्यांना परमिट. “आणि मी इथे आलो तेव्हा माझ्या खिशात किती होते? एट डॉलर्स! बाकी सगळं स्वतःच्या हिमतीवर.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हॉलमधला जवळजवळ प्रत्येक पुरुष आठ डॉलर घेऊन आला होता आणि प्रत्येकाला ते एकट्या आपल्याच खिशात होते असं वाटत होतं.

भानुदास सावकाश उठला. “गिरीश, तू ज्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंजिनियर झालास, त्याची फी आठव यार. उरलेला खर्च कुणी केला? ज्यांची पोरं कधी त्या कॉलेजच्या फाटकाशीही पोचली नाहीत, त्यांनी. आणि मार्केट सगळ्यांना ओपन असतं म्हणतोस. माझी आजी आठवडी बाजारात केरसुण्या विकायची. तिनं कुठं बसायचं ते ठरलेलं होतं. बाजार जिथं संपतो तिथं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गिऱ्हाईक पैसे हातात देत नसे, जमिनीवर टाकायचं. तिचा माल सगळ्यात चांगला, भाव सगळ्यात कमी, आणि तरी संध्याकाळी निम्म्या केरसुण्या परत. हे तुझ्या इकॉनॉमिक्समध्ये कुठं बसतं, ते मला दाखव.”

कुणीतरी तोंडातला चिवडा चावायचं थांबलं. बाजी हातची जाते आहे हे गिरीशला कळलं, आणि हरायची सवय नसलेला माणूस करतो तेच त्याने केलं. घरातली ठेवणीतली गोष्ट बाहेर काढली.

“आमच्या आजोबांची ओढ्याकाठी चार एकर जमीन होती. काळीभोर, बारमाही पाण्याची. भिवा नावाचं कूळ ती कसायचं. सत्तावन्न साली कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन! सरकारने एका कागदाने ती भिवाला देऊन टाकली. आजोबांनी हाय खाल्ली. आणि भिवाने काय केलं? दोन वर्षांत सगळी जमीन दारूत घातली. आज तिथे कुसळं उगवतात. हे तुमचं सोशॅलिझम!” मग त्याने पहिल्या रांगेकडे हात केला. “माझे वडील इथेच बसलेत. बाबा, खरं की नाही?”

शंकररावांनी वर पाहिलं. मुलगा हसत होता, सगळा हॉल वळून बघत होता. त्यांनी मान हलवली. हो.

हात वर झाले ते एकोणीस विरुद्ध सात. टाळ्या संपल्यावर भानुदास शंकररावांसमोर आला, हात जोडून वाकला आणि म्हणाला, “काका, कायदा आमच्यासारख्यांसाठी झाला आणि झळ तुमच्या घराला बसली. मला हे माहीत नव्हतं. मनापासून वाईट वाटतं.” शंकररावांचे हात मांडीवरच राहिले. नमस्काराला नमस्कार न करणारा तो माणूस नव्हे, पण गिरीशला हे जाणवायला वेळ नव्हता. लोक त्याची पाठ थोपटत होते.

त्या रात्री शंकरराव जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

रविवारी सकाळी गिरीश गॅरेजचं दार उघडून बर्फ ओढायला लागला, तर मागून ते येऊन उभे राहिले, कोट घालून, कानटोपी घालून.

“गिरीश, भिवाला जमीन मिळाली नाही.”

“म्हणजे?”

“कायदा येणार हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. गावोगाव जमीनवाले कुळांकडून लिहून घ्यायला लागले, की मी राजीखुशीने जमीन सोडतो. आजोबा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. मी लिहिलं. भिवाला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, मास्तर, वाचून दाखवा. मी वाचलं.” त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. “कागदावर होतं ते नाही वाचलं. सारा भरायच्या नोंदीसाठी आहे, तू कसतोस तसाच कसत राहशील, असं वाचलं. त्याने अंगठा दिला. मामलेदाराने ‘कागद कबूल आहे ना’ एवढंच विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हो म्हणाला. पुढच्या वर्षी त्याला त्याच रानात मजुरीला ठेवलं, त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही. मग ते कुटुंब गाव सोडून गेलं.”

गिरीशच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. “आणि जमीन?”

“आपल्याकडेच राहिली. तू शिकायला बाहेरगावी असायचास, तुला कळू दिलं नाही. तू इकडे यायचं ठरवलंस तेव्हा विकली. तुझं तिकीट कशातून आलं असं वाटलं तुला?”

“तुम्ही पीएफ म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो.” शंकररावांनी नाक पुसलं. “तेव्हा जो तो म्हणत होता, आमची कुळकायद्यात गेली. आपणही म्हणालो. कुणी उलट विचारत नसे. तू पुढच्या महिन्यात भानुदासरावांच्या बाजूने बोलणार आहेस ना? तिथे सांग. माझं नाव घेऊन सांग. त्या माणसाने काल मला नमस्कार केला रे.”

“बघतो,” गिरीश म्हणाला.

बघतो म्हणजे काय ते चाळीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते आत गेले.

ते चार आठवडे गिरीशचे वाईट गेले. सकाळी शिकागोच्या गाडीत तो स्वतःशी भांडायचा. सगळेच करत होते. मी तेव्हा शाळेत होतो. म्हाताऱ्या बापाला चारचौघांत उघडं पाडायचं का? हे शेवटचं तर त्याला फारच पटायचं, कारण त्यात तो चांगला मुलगा ठरत होता. पण खरी भीती वेगळी होती आणि तीही त्याला ठाऊक होती. बापाचं नाव जाण्याची नव्हे, आपलं जाण्याची. सतरा वर्षं तो हिमतीवर उभा होता, आणि ती हिंमत एका अंगठ्याच्या ठशावर उभी होती. भानुदासला आता काय तोंड दाखवायचं?

त्यात एक गोष्ट होती जी बापालाही माहीत नव्हती. ही कहाणी त्याने कितीदा सांगितली असेल! कंपनीच्या कॅफेटेरियात, शेजाऱ्यांच्या बार्बेक्यूला, मुलीच्या शाळेत सुद्धा. चौऱ्याहत्तर साली एका पार्टीत त्याच्या बॉसने विचारलं होतं, मग त्या माणसाने त्या जमिनीचं केलं काय? गिरीशला उत्तर माहीत नव्हतं. हातात ग्लास होता, समोर माणसं वाट बघत होती, आणि तो म्हणाला, “ही ड्रँक इट.” लोक खो-खो हसले. तेव्हापासून भिवा दारू प्यायला लागला. दर सांगण्यात थोडी जास्तच. पुढे पुढे गिरीशला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की हे आजोबांनीच सांगितलं. ही आठवण आली की गाडीत बसल्या बसल्या त्याचे कान तापायचे. बापाने फसवलं ते दहशतीखाली, स्वतःच्या बापाच्या. आपल्याला कुणी भाग पाडलं होतं?

फेब्रुवारीच्या बैठकीला बाहेर गुडघाभर बर्फ होतं, तरी सगळे आले. गिरीश उठला आणि सांगायचंच असं ठरवून उठला. पहिलं वाक्यही जुळवलेलं होतं. पण समोर ओळखीचे चेहरे दिसले, आणि जीभ आपोआप सवयीच्या वाटेला लागली. पोलादाचे कारखाने, धरणं, देवीचा रोग घालवला तो सरकारनेच. आपल्या कॉलेजची फी त्याने आकड्यासकट सांगितली आणि लोकांना हसवलं. भानुदासच्या आजीच्या केरसुण्यांवर तर तो असा बोलला की उत्तराने डोळे पुसले. शेवटी म्हणाला, “आमच्या घराचं झालं ते झालं. पण एका घराच्या नुकसानीवरून देशाचा हिशेब करू नये.” फारच उदार वाटलं ते. टाळ्या जानेवारीपेक्षा जास्त पडल्या. तो खाली बसला आणि पहिल्या रांगेकडे त्याने पाहिलं नाही. आपण इतके हलके आहोत हे त्याला टाळ्या चालू असतानाच कळलं होतं.

अध्यक्षा पद्मिनीताई चहाचं सांगायला उठल्या, तेवढ्यात शंकररावांनी हात वर केला. त्यांच्या वर्गातली पोरं करत असतील तसा, कोपर दुसऱ्या हाताने धरून.

“मला दोन मिनिटं द्या. भानुदासराव, जरा पुढे येता का?”

भानुदास आला. म्हातारा खुर्चीला धरून उभा राहिला आणि गॅरेजमध्ये सांगितलं तेच त्याने सगळं सांगितलं. अक्षर, अंगठा, मामलेदार, तिकीट. आवाज चढवला नाही, कुणावर ढकललं नाही. वडिलांनी सांगितलं असंही एकदाच म्हणाले, आणि पुढे लगेच, “वाचलं मात्र मी.”

“मागच्या वेळी मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. तुम्ही मला नमस्कार केलात. तो मला ठेवून घेता येत नाही. तो परत घ्या.” आणि शंकरराव हात जोडून, कमरेतून, भानुदाससमोर वाकले.

“काका, अहो काका!” भानुदासने त्यांचे खांदे धरले. त्याने एकदाच गिरीशकडे पाहिलं. रागाने नव्हे. तुला माहीत होतं, एवढंच त्या बघण्यात होतं. गिरीशने मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात, ते का म्हणतात हे त्याला एकोणचाळिसाव्या वर्षी लायब्ररीच्या तळघरात कळलं, आणि तिथे खाली जायला आणखी जागा नव्हती.

मागून गिरजाबाईंचा आवाज आला. “गुरुजी, एक विचारू का? त्या भिवाचं पुढं काय झालं?”

“माहीत नाही बाई. मी चौकशी केली नाही.”

“अन् दारूपायी वाया गेला म्हनत होते, ते?”

शंकरराव गोंधळले. “तेही मी इथेच ऐकलं. भिवा तर चहासुद्धा घेत नसे. आमच्या ओट्यावर यायचा तर पाणी मागायचा.”

“मंग त्याला दारू पाजली कोनं?”

म्हातारीने ते टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. शंकररावांनाही उत्तर माहीत नव्हतं. ते माहीत असणारा सगळ्या अमेरिकेत एकच माणूस होता. तो गप्प बसला असता तर विषय तिथेच संपला असता, पद्मिनीताईंनी चहाचं सांगितलं असतं, आणि भिवा कायमचा दारुडा राहिला असता.

गिरीश उभा राहिला. या वेळी त्याने कुठलंही वाक्य जुळवलेलं नव्हतं.

“मी,” तो म्हणाला. “आजी, ती मी पाजली. इथे आल्यावर.”

गिरजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कुणी त्याला खाली बस म्हणालं नाही, आणि तो उभाच राहिला.