भागुबाईंच्या पोटातले आठ आणे

शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर धोंडीराम खैरनार सुट्ट्या पैशांच्या मागे लागले. त्यांना टांकसाळीत चुकलेली नाणी हवी होती. छाप दोनदा बसलेली, कड कापली गेलेली, आणि सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे छाप सरकून अर्धं अंग कोरं राहिलेली. अकरा वर्षं हा माणूस दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचे पैसे उन्हात धरून भिंगातून बघत होता, पण पदरात एकही चूक पडली नव्हती. रविवारी नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरे. तिथं बाकीचे आपले डबे उघडत आणि धोंडीरामांना चहा सांगायला पाठवत. हे त्यांना फार लागायचं.

आणि अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात तसलं नाणं त्यांना द्वारका चौकात दिसलं. भागुबाईंच्या दातांत.

फूलवाल्या भागुबाईंचे दोन्ही हात गजऱ्यात गुंतलेले असले, की गिऱ्हाइकाचं नाणं त्या दातांत धरत आणि गाठ मारून झाल्यावर कमरेच्या पिशवीत टाकत. त्या आठ आण्यांवरचा छाप पार कडेला घसरला होता.

"हलू नका!" धोंडीराम एवढ्यानं ओरडले, की भागुबाई दचकल्या आणि नाणं गिळून बसल्या.

दवाखान्याचा खर्च अर्थातच धोंडीरामांनी केला. "दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल," डॉक्टर म्हणाले. धोंडीराम एक्स-रेला भिंग लावून बसले होते. त्यांना हाताला धरून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज डझनभर केळी घेऊन हजर.

"भागुबाई, पोट कसं आहे?"

"जड हाय, भाऊ."

रिकाम्या हातानं चौकशी बरी दिसत नाही, म्हणून ते रोज दीड रुपयाचा गजराही घेत. तीस वर्षांत पहिल्यांदा गजरे मिळू लागल्यामुळे घरी बायकोला भलताच संशय आला.

दहाव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. बैठकीत तर सगळ्यांना सांगून बसले होते!

"अहो, नाणं आहे की विरघळलं?"

भागुबाईंनी मान खाली घातली. "ते तिसऱ्याच दिशी पडलं."

"मग आहे कुठं?"

"तुमालाच दिलं की! राखेनं घासून, गजऱ्याच्या सुट्ट्यात. कुठून आलं ते चारचौघांत कसं सांगू? म्हनलं, तुमी भिंग लावून बघतालच."

धोंडीरामांनी बघितलं नव्हतं. दहा दिवस त्यांचं लक्ष फक्त पोटाकडं होतं. आणि केळी होती साडेदहा रुपये डझन. वरचे आठ आणे कुठून दिले, ते त्यांना आता कळलं.

"मग रोज जड आहे, जड आहे, असं का सांगत होता?"

"तुमी इचारत होता म्हनून. माझं कुनी इचारत नाय, भाऊ. पडलं म्हनले असते, तर आला असता का तुमी?"

नसते आले. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि धोंडीरामांना स्वतःची लाज वाटली.

तरी पाय केळीवाल्याकडं धावलेच. तो फुकटात गल्ला बघू देईना, म्हणून तीन डझन केळी घ्यावी लागली. गल्ल्यात ते नाणं नव्हतं. धोंडीराम परत आले आणि केळी भागुबाईंच्या टोपलीशेजारी ठेवली.

"आता कशाला? पोट साफ हाय माझं."

"असू द्या," म्हणत धोंडीराम पोत्यावर टेकले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"