पाटावरची मधली जागा

खंडेनवमीला भगवंतरावांच्या गौलीगुड्यातल्या घरी शस्त्रांची पूजा असते. शस्त्र म्हणजे घरात जे काही धारदार, जड किंवा विजेवर चालणारं असेल ते. विळी असते, अडकित्ता असतो, एका वर्षी मिक्सरही हार घालून बसला होता. दोन्ही जावयांनी आपापल्या धंद्याचं हत्यार आणून पाटावर ठेवायचं, असा रिवाज. धाकटा जावई प्रमोद. त्याचं अफझलगंजात तराजू आणि वजनांचं दुकान. तो पितळी तराजू आणायचा, आणि तराजू देखणा असल्यामुळे पाटाची मधली जागा आपोआप त्याची. थोरला जावई गौतम, कोठी भागातला सोन्याचांदीचा व्यापारी. तो चिमटा आणायचा. चिमटा कडेला. बरीच वर्षं जग असं सुरळीत चाललं होतं.

गेल्या वर्षी गौतमने शर्ट वर केला आणि कमरेतून रिव्हॉल्व्हर काढलं.

सासूबाईंनी, म्हणजे सत्यवतीबाईंनी, तराजू उचलून विळीच्या पलीकडे सरकवला आणि मधल्या जागेवर लाल कापड अंथरलं. रिव्हॉल्व्हरला पहिला झेंडू. तराजूला उरलेल्या पाकळ्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर प्रमोद सावरला असता. पण परत येताना, स्कूटरवर मागे बसलेली त्याची बायको तेजश्री म्हणाली, "भाऊजी सोबत असले की भीती नाही वाटत, नै?"

त्या 'नै'ला उत्तर द्यावं लागतं. प्रमोद "हौ" म्हणाला, आणि ते एक 'हौ' वर्षभर त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. बायकोने हे वाक्य आपल्याबद्दल म्हणावं, एवढंच त्याला आता आयुष्यात हवं होतं. त्यासाठी रिव्हॉल्व्हर लागतं, असा त्याचा समज झाला.

त्याने लायसन्ससाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, "खतरा किससे है?" प्रमोदच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, पण साडूचं नाव सरकारी कागदावर बरं दिसत नाही, म्हणून त्याने "समाजकंटक" सांगितलं. पुढे सगळं झालं, फक्त हत्यार चालवायला शिकल्याचं सर्टिफिकेट राहिलं.

आता गुरू शोधायचा. पहिला गुरू निवृत्त फौजी निघाला. त्याने पहिला सगळा तास मिशीवर घेतला. समोरच्यावर छाप पडली तर गोळी झाडावीच लागत नाही, असा त्याचा सिद्धांत. प्रमोदला मिशी येत नाही, तिथेच शिक्षण थांबलं. दुसरा कोठीत चष्म्याच्या दुकानावर बसायचा. "आना नक्को, फोटो भेजो," तो म्हणाला. "शाम तक व्हॉट्सॲप पे सर्टिफिकेट." प्रमोदने फोटो शोधलासुद्धा. पण गौतम एकदा सहज म्हणाला होता, "साडूभाऊ, आमच्या त्रिवेणी मॅडम वाटेल त्याला घेत नाहीत बरं का." आता त्रिवेणी मॅडमकडे जावं तर गौतमचं उष्टं, न जावं तर 'याला घेतलं नसेल' असं गौतम जन्मभर म्हणणार. दोन दिवस विचार करून प्रमोदने उष्टं पत्करलं.

त्रिवेणी मॅडम आदिलाबादकडच्या. पोलिसांना नेमबाजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता शहराबाहेरच्या मैदानावर लोकांना शिकवायच्या. मराठी बोलायच्या ती तेलुगूच्या चालीवर.

"कशाला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"संरक्षणाला."

"सोबत कधी ठेवणार?"

"खंडेनवमीला," प्रमोद बोलून गेला.

मॅडमनी चष्मा काढला. "त्या दिवशी काय हल्ला होतो?"

"पूजा होते."

"बरं. आता ऐका. गर्दीत न्यायचं नाही, लग्नात न्यायचं नाही, प्यायला बसताना नाही, रागात असताना तर नाहीच. मग कधी न्यायचं? हे मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. पटलं की सर्टिफिकेटवर सही."

"गौतमरावांनी काय उत्तर दिलं होतं?" प्रमोदने घाईने विचारलं.

"कोण गौतमराव?"

हा प्रमोदच्या वर्षातला सर्वांत चांगला क्षण होता.

पहिल्या दिवशी त्याने कागदाच्या आकृतीवर जवळजवळ सगळ्या गोळ्या पोटात मारल्या. मॅडम आकृतीकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिल्या. "कुणाचा चेहरा लावता?" प्रमोद कानातले बोळे नीट करू लागला. "चेहरा काढा, मग मारा." चेहरा काढल्यावर एकही गोळी कागदाला लागली नाही. एक तर शेजारच्या माणसाच्या कागदाला लागली. त्याने आभार मानले.

तेव्हा मॅडमनी गृहपाठ दिला. "रिव्हॉल्व्हरच्या वजनाचं काहीतरी महिनाभर कमरेला लावा. कुणाला दिसायला नको, कुणाला सांगायचं नाही. आणि ज्याच्या कमरेला आहे त्याने भांडण हरायचं. समोरचा चुकला तरी आपण हरायचं. जमतं का बघा."

वजनांना प्रमोदकडे काय तोटा! त्याने दुकानातलं अर्धा किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन रुमालात आवळून बांधलं, पट्ट्यात खोवलं आणि हरायला सुरुवात केली.

अफझलगंजच्या पुलाजवळ एका बाइकवाल्याने त्याची स्कूटर ठोकली. प्रमोद उतरून म्हणाला, "माफ करना भाई, मैं सामने था." बाइकवाला इतका घाबरला की त्याने स्वतःच आरसा सरळ करून दिला. एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमचा काटा खोटा. प्रमोद म्हणाला, "असेल." गिऱ्हाईक गोंधळून दोन काटे घेऊन गेलं. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीचं पाणी गॅलरीत पडायचं, त्यावर चार वर्षांचं वैर होतं. प्रमोदने खाली बादली ठेवली आणि वर जाऊन पाण्याबद्दल धन्यवाद दिले. घरी तेजश्रीने भांडण काढायचा प्रामाणिक प्रयत्न केला. भाजीत मीठ घातलं नाही, रिमोट लपवला, त्याच्या आईचा विषयसुद्धा काढला. "तुझंच बरोबर," प्रमोद म्हणाला. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आतून मात्र तो जळत होता. मॅडमना रोज एक उत्तर पाठवायचा. 'बँकेत रोकड नेताना?' 'नाही.' 'अनोळखी गल्लीतून जाताना?' 'नाही.' 'गौतमराव आणतील तेव्हा?' याला उत्तरच आलं नाही. अशात खंडेनवमी उजाडली. सही नाही, रिव्हॉल्व्हर नाही, तराजूची जागा विळीच्या पलीकडे.

गृहपाठ अजून संपला नव्हता, म्हणून कमरेला वजन बांधूनच तो सासुरवाडीला गेला.

गौतमने रिव्हॉल्व्हर काढलं, सत्यवतीबाईंनी लाल कापड अंथरलं, आणि भगवंतराव पाटावर ठेवायला प्रमोदचा तराजू घेताना थबकले. त्यांची नजर जावयाच्या शर्टावर होती. शर्टाला एक टणक फुगवटा होता.

"प्रमोदराव," ते हळूच म्हणाले, "तुमचंही आलं वाटतं?"

'नाही हो, अर्धा किलो आणि दोनशे ग्रॅम' असं सांगायला एकच वाक्य लागलं असतं. पण सांगायचं नाही, असा नियम होता. नियम आयुष्यात पहिल्यांदाच प्रमोदच्या बाजूचा होता.

"त्याबद्दल बोलायचं नसतं," प्रमोद म्हणाला.

"क्या साडूभाऊ, घरचेच तर आहोत," गौतम पुढे आला. "काढा की. कोणतं घेतलं? बत्तीस बोअर?"

"मॅडम म्हणतात, दाखवायचं नसतं."

"मॅडम? त्रिवेणी मॅडम? मला तर असं काही..." गौतमने पाटावरच्या आपल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. झेंडूच्या माळेत, हळदीकुंकू लावून, सगळ्या घरासमोर ते उघडं पडलं होतं. त्याला एकदम लाज वाटल्यासारखी झाली. "तुमचंच बरोबर असेल म्हणा. पण मी म्हणतो, पूजेपुरतं तरी!"

"तुमचंच बरोबर," प्रमोद म्हणाला आणि काहीच काढलं नाही.

सासूबाईंनी लगबगीने लाल कापड सरकवलं, रिव्हॉल्व्हर अडकित्त्याशेजारी गेलं आणि तराजू मध्ये आला. कारण जावयाचं खरं हत्यार दिसत नसलं तरी त्याला मान द्यायलाच हवा, मग तो तराजूला. थोरली मुलगी वैशाली नवऱ्याला दंडाला धरून आत घेऊन गेली. आणि जेवायला बसताना तेजश्री आईला म्हणाली, "हे सोबत असले की आताशा भीती नाही वाटत."

वर्षभर वाट पाहिलेलं वाक्य पुरणपोळीसोबत ताटात पडलं. प्रमोदने पहिला घास घेतला आणि त्याला नवाच मत्सर वाटू लागला. हे वाक्य त्याच्याबद्दल नव्हतंच. ते पट्ट्यातल्या लोखंडाबद्दल होतं. गौतमशी स्पर्धा माणसाला शोभते तरी. आता तो आपल्याच दुकानातल्या दोन वजनांवर जळत होता.

परतीच्या वाटेवर कोठीत सिग्नलला स्कूटर थांबली. त्याला राहवेना. त्याने रुमाल काढला आणि मागे तिच्या मांडीवर ठेवला. "रिव्हॉल्व्हर नाही. वजन आहे. दुकानातलं."

"माहितीय," तेजश्री म्हणाली. "तुमची पँट कोण धुतं? एकदा मशीनमध्ये गेलं होतं. केवढा आवाज झाला!"

"मग ते, भीती नाही म्हणालीस ते?"

"अहो, तुम्ही पूर्वी सिग्नलला भांडायचात. पार्किंगला भांडायचात. तुमच्यासोबत बाहेर पडायचीच मला भीती वाटायची. भाऊजी सोबत असले की तुम्ही गप्प बसायचात, म्हणून तेव्हा भीती नाही वाटायची. आता महिनाभर एकटेच गप्प आहात."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. प्रमोद हलला नाही.

"म्हणजे गौतमरावांपेक्षा मी—"

"यावर वाद घालायचाय?"

"नाही," प्रमोद म्हणाला, आणि हरला.

घरी येऊन त्याने मॅडमना लिहिलं, 'कधी न्यायचं ते कळलं नाही. वजनाने भागतंय तोवर नेणार नाही.' लगेच उत्तर आलं, 'उद्या या. सही करते.' त्याने सर्टिफिकेट आणलं आणि कपाटात ठेवलं. लायसन्सचा अर्ज अजून त्या सर्टिफिकेटवाचून थांबला आहे.

दसरा झाल्यावर दुकान उघडलं तर पायरीवर गौतम उभा. तेजश्रीने वैशालीला आणि वैशालीने त्याला सगळं सांगितलं होतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मॅडमनी मला का नाही दिला गृहपाठ?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी प्रमोदच्या गेल्या वर्षीच्या आवाजासारखा होता. "द्या साडूभाऊ, तुमच्यासारखंच. तेवढ्याच वजनाचं."

प्रमोदने अर्धा किलोचं वजन नीट पुसून समोर ठेवलं. दोनशेचंही उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि परत जागेवर ठेवून शंभरचं दिलं.