पिंपाच्या मापाचं दार

डोंगर गुरगुरायला लागला, तशी आख्ख्या गावाने दारं-खिडक्या उपटायला सुरुवात केली. लाव्हा घर गिळतो, पण दार वाचवलं तर पुढच्या घराला लागतं. मीही आमची दारं ट्रकपाशी नेऊन ठेवली. राहिलं ते पिंप.

न्हो लेलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते लाकडी पिंप तरुणपणी घरातच बसून जोडलं होतं आणि ते दारापेक्षा हातभर रुंद झालं. हा विषय काढलेला त्यांना आजही खपत नाही. आत यंदाची सगळी वाइन होती. ती गेली असती, तर वर्षभर किनाऱ्यावरच्या नातेवाइकांपुढे हात पसरावा लागला असता, आणि ते मला मरणाहून वाईट वाटत होतं.

"पापा, भिंत फोडू या."

"माझी भिंत? मागच्या लाव्हाचा एकेक दगड डोक्यावर वाहिलाय मी, झुल्मिरा!"

"मग डोंगराला फोडू द्या. तो काही तुम्हाला विचारायला थांबायचा नाही."

ट्रकवरून शेजारचा तुतुका ओरडला, "न्हो लेला, पिंप जोडताना दार कुणी मोजलं होतं हो?"

सगळे खो खो हसले. म्हातारा लालबुंद झाला आणि पिंपाला पाठ लावून बसला. आता हा हलत नाही, म्हणून मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात जमीन हादरली आणि पिंपातली वाइन डचमळली. तो आवाज ऐकून पापा ताडकन उठले. घणाचा पहिला घाव त्यांचाच. रडत होते आणि शिव्याही देत होते, डोंगराला, तुतुकाला, मला. भिंत कोसळली. दारं ट्रकला तिरकी लावून आम्ही सगळ्यांनी पिंप वर लोटलं.

घर गेलं. वाइन विकून आम्ही वर्ष काढलं, कुणापुढे हात पसरला नाही.

परतलो तेव्हा काळा दगड पायाखाली अजून कोमट होता. पापांनी त्यावर आधी पिंप ठेवलं, मग त्याला दोरी लावून दाराचं माप घेतलं आणि मग भिंती उभ्या केल्या.

"एवढं मोठं दार? ट्रक आत घेणार काय?" तुतुका म्हणाला.

पापांनी तळाची राखलेली वाइन पेल्यात ओतून त्याच्या हातात दिली आणि डोंगराकडे हनुवटी उडवली.

"येऊ दे त्याला परत. या खेपेलाही रिकामंच घर मिळेल!"