बंद न होणारं केंद्र

"मॅडम, तुमचं हे एक वीजकेंद्र काही केल्या बंदच होत नाहीये," मास्तर म्हणाला.

मास्तर हे आमच्या वर्गानं त्याला ठेवलेलं नाव. वय माझ्या निम्मं, पण ऊर्जा खात्यात मुरलेल्या आम्हा मंडळींना पुढच्या तीस वर्षांच्या विजेचं गणित मांडायला शिकवत होता. मागणी, इंधनाचे भाव, ऊन, वारा, सगळं संगणकात भरायचं. मग तो सांगतो, कुठलं केंद्र कधी उभारा, कुठलं कधी मोडीत काढा. उद्या काय होईल ते कुणाच्या बापाला माहीत नाही, म्हणून वेगवेगळी गृहीतं धरून चार चित्रं काढायची. आणि हा काही नुसता सराव नव्हता. आमची चित्रं वर जाणार होती, धोरण ठरवायला.

"कोळसा महाग केला तरी चालू, मागणी पाडली तरी चालू. अमरपट्टा बांधून आलंय की काय?"

वर्ग हसला. मला कुठलं हसू येतंय! तो अमरपट्टा मीच बांधला होता. 'या केंद्रानं इतकी वीज काढलीच पाहिजे' अशी अट घातली होती आणि कारण दिलं होतं, यंत्रणेच्या स्थैर्यासाठी.

खरं कारण म्हणजे माझा दादा. तो तिथं बॉयलरवर आहे. आधी बाबाही तिथंच होते. आता लेकीलाही तिथंच चिकटवायचा घाट त्यानं घातला होता. रोज त्याचा फोन. "तुझं ते यंत्र काय म्हणतंय गं? पोरीला दुसरीकडूनही बोलावणं आलंय, पण ते लांब पडतं. उद्या होकार कळवायचाय." मी आपली "बघते, बघते" करत टोलवत होते.

"काढू का ही अट?" मास्तरनं हळूच विचारलं.

"मीच काढते." माझा पसारा मीच आवरायला नको?

संगणक बराच वेळ घुरघुरत बसला. मी उठले, तहान नसताना पाणी प्यायले, खिडकीपाशी गेले, परत आले. चारही चित्रांत केंद्र बंद. कुठं जरा लवकर, कुठं उशिरा, पण भाची चाळिशीला पोचायच्या आत सगळीकडे बंद.

"या शक्यता आहेत मॅडम, भाकीत नव्हे."

"चारही शक्यता एकच सांगायला लागल्या तर त्याला काय म्हणायचं रे?" मी खेकसले.

जिन्यात जाऊन दादाला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

"आणि हे तू वर पाठवणार?"

"पाठवणार."

"बरं. तुझ्या वहिनीला तूच सांग बाई. मला नाही जमायचं."

फोन वहिनीच्या हातात गेला. तिच्या आवाजात नुसता आनंद.

"ताई, तुम्ही इथं हव्या होतात! ह्यांचा जुना गणवेश अंगावर चढवलाय पोरीनं. सैल होतोय, पण आरशासमोरून हलायला तयार नाही."

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही जरा खाली बसता का?"