निळ्या मोटारीचा ब्रेक

इसवी सन १९९६च्या नोव्हेंबर महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळच्या वेळी, लखनौ शहराबाहेर, जेथे विमाने उतरणे केव्हाच बंद झाले होते अशा एका धावपट्टीवर, चुन्याने आखलेल्या पांढऱ्या रेघेमागे मी उभी होते. मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग निळा आहे, बोनेट लांब आहे, आणि त्या दिवशी माझ्याइतका जोर त्या रांगेत दुसऱ्या कोणाच्याही अंगात नव्हता. तो जोर मला कसा मिळाला आणि त्याचे पुढे काय झाले, ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म बंगालमधील एका कारखान्यात झाला. आरंभीची वर्षे मी एका बड्या साहेबांना कचेरीत पोहोचवत असे. ते निवृत्त झाल्यावर लखनौच्या चारबाग स्टेशनाजवळील एका हॉटेलाने मला घेतले आणि मी स्टेशनावरून प्रवासी, वळकट्या व आंब्यांच्या पेट्या वाहू लागले. नवी गाडी आली तेव्हा त्याच हॉटेलाच्या मागच्या अंगणात मला टेकवून ठेवले गेले. माझ्या टपावर कबुतरे बसू लागली. जिचे कौतुक झाले आहे, तिलाच उपेक्षा अधिक बोचते.

तेथून मला धनंजय केसकर यांनी सोडवले. ते रेल्वेत अभियंते होते आणि डब्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विकास नगरातील आपल्या घरी त्यांनी मला नेले आणि एका परदेशी मोटारीच्या भंगारातून माझ्यासाठी सुपरचार्जर आणला. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढते, तिच्याहून अधिक हवा हे यंत्र पट्ट्याच्या बळावर फिरून त्याच्या छातीत कोंबते. हवा वाढली की पेट्रोल अधिक जळते आणि जोर वाढतो. तो बसवल्यावर मी प्रथम शीळ घातली, तेव्हा दारावरून जाणारा भाजीवाला थबकला आणि म्हणाला, "बाबूजी, कुकर उतार लीजिए, सीटी हो गई।"

या कामात त्यांना त्यांची मुलगी शर्मिष्ठा साथ देई. ती विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होती. वडील मराठीत बोलत आणि ती हिंदीत उत्तर देई; दोघांनाही त्यात वावगे वाटत नसे.

"बारा नंबरचा पाना दे गं."

"बारा ढीला पड़ता है, बाबा। आप हर बार वही माँगते हैं। ये लीजिए, ग्यारह।"

शर्मिष्ठेची आई, सुहासिनीबाई, पायरीवरून म्हणत, "अहो, हिला जेवढं तेलपाणी केलंत, त्यातलं थोडं माझ्या मिक्सरला केलं असतं, तर घरात चटणी तरी झाली असती."

शहरातील मोटार क्लबाने त्या धावपट्टीवर वेगाने गाड्या चालवण्याचा दिवस ठरवला होता. केसकरांची बदली झाली होती. महिनाअखेर लखनौ सुटणार होते. म्हणून ही एकच संधी होती, आणि स्टिअरिंगचे चक्र शर्मिष्ठेच्या हाती असेल, असे वचन त्यांनी तिला दिले होते. त्यांनी माझे प्लग बदलले, रेडिएटर धुतला, नवे टायर चढवले. ब्रेकही तपासला. जमिनीवर आडवे होऊन, बॅटरीच्या उजेडात पॅड पाहिले. ते जाड होते. नळ्या कोरड्या होत्या. ब्रेक ऑइलची डबी खुणेपर्यंत भरलेली दिसली, तेव्हा त्यांनी झाकण लावले. ते ऑइल हॉटेलाच्या काळातले होते. वर्षानुवर्षे हवेतील ओल पिऊन ते चहासारखे काळपट झाले होते.

कोणी म्हणेल की एवढ्या जाणत्या माणसाने हे पाहू नये, हा निव्वळ निष्काळजीपणा होय. मला हे मान्य नाही. रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो. नळी फुटली, हवा निघून गेली, की तो आपोआप आवळला जातो. तेथे बिघाड होतो तेव्हा गाडी थांबते. माझे तसे नाही. माझे ऑइल तापले, त्यातील ओलीची वाफ झाली, की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्याच्या साऱ्या आयुष्यात बिघडलेल्या ब्रेकने गाडी थांबवलीच, त्याला न थांबवणाऱ्या ब्रेकची शंका सहजी येत नाही. त्यांचे ज्ञान कमी नव्हते. ते दुसऱ्या यंत्राचे होते, इतकेच.

आदल्या आठवड्यात गोमतीच्या बंधाऱ्यावरील मोकळ्या रस्त्यावर माझी चाचणी झाली. शर्मिष्ठेने पाठोपाठ तीनदा करकचून ब्रेक मारला. तिसऱ्या वेळी मी तिच्या पावलाखाली ढिली पडले.

"बाबा, पेडल नरम हो रहा है।"

त्यांनी आधी टपरीवर चहा घेतला, मग स्वतः चक्र हाती धरले. तोवर मी निवले होते.

"बघ, दगडासारखा आहे. तू पाय अर्धवट दाबतेस."

"हम झूठ नहीं बोल रहे।"

"खोटं कोण म्हणतंय? घाबरलीस, एवढंच म्हणतोय."

मला वाचा असती, तर मी त्या वेळी बोलले असते.

रविवारी तपासणीसाठी क्लबाचे गजेंद्र सिंह आले. ते सैन्याच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावून घेतली आणि गाडीतील प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावयास सांगितली. जादा चाक गेले, पायपुसणी गेली. शेवटी त्यांचे बोट डॅशबोर्डावरील लहानशा गणपतीवर थांबले.

"अहो, बाप्पा तरी राहू देत," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"भाभीजी, ज़ोर का ब्रेक लगा तो सबसे पहले यही उड़ेंगे।"

बाईंनी गणपती पदरात घेतला. मग गजेंद्र सिंहांनी पेडल दाबून पाहिले. मी थंड होते, पेडल घट्ट लागले. मला मान्यता मिळाली. पाहायला आलेल्या केसकरांच्या कचेरीतील मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक गाडीस आधी एक ओळखीची फेरी आणि मग खरी वेगाची फेरी, असा नियम होता. पहिल्या फेरीत पिंपांनी आखलेल्या प्रत्येक वळणावर शर्मिष्ठेने मला आवरले. मी शीळ घालत धावले. माझे पूर्वीचे सारे दिवस पुसले गेले. परंतु शेवटच्या वळणावर माझ्या ऑइलमध्ये वाफ धरली. तिने गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि मला कशीबशी रेघेमागे आणून इंजिन बंद केले.

केसकर धावत आले. "इंजिन का बंद केलंस? झेंडी पडतेय!"

"ब्रेक नहीं है, बाबा।"

"आत्ताच तर पास झालाय!"

"खड़ी गाड़ी में तो हमें भी ठीक लगा था," गजेंद्र सिंह हळूच म्हणाले.

केसकरांनी मागे पाहिले. सारी कचेरी पाहत होती. "उतर. मी चालवतो."

शर्मिष्ठा उतरली, पण किल्ली मुठीत ठेवून. त्या घरात जेवताना केसकरांनी रेल्वेतले एक वाक्य शेकडो वेळा उच्चारले होते: ड्रायव्हरला ब्रेक पटला नाही तर गाडी हलत नाही, मग मागे जनरल मॅनेजर का बसलेला असेना. आपल्या वडिलांकडे पाहून ती, अडखळत, मराठीत म्हणाली, "मी ड्रायव्हर आहे. मला ब्रेक पटला नाही. गाडी हलणार नाही."

मित्रांनो, त्यापुढील गोष्ट सांगण्याआधी एक विनंती करते. यंत्राला जोर द्या, परंतु त्याहून आधी त्याला थांबण्याचे बळ द्या. आम्हांला जीभ नसते. आमचे दुखणे जो आमच्यावर हात-पाय ठेवून बसला आहे, त्यालाच कळते. आणि त्याने ते सांगितले, तर त्याला भित्रा म्हणू नका. एवढे ऐकलेत, तर माझे ओझी वाहण्यात गेलेले सारे आयुष्य सार्थकी लागले असे मी मानीन.

केसकर रागाने आत बसले आणि किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. त्याच वेळी, जन्माच्या सवयीने, त्यांचे पाऊल ब्रेकवर पडले. पेडल खाली गेले, आणखी खाली गेले, आणि तळाला टेकले. पुढे केलेला हात तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी तो मागे घेतला, ते उतरले, माझे दार सावकाश लावले, आणि गजेंद्र सिंहांकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा कचेरीतील आवाजात म्हणाले,

"ड्रायव्हर बरोबर आहे. गाडी अनफिट."