एकाआड एक

"मी भांडायला आलेलो नाही," सोफ्याच्या कडेवर बसलेला माणूस म्हणाला. "फक्त आठवण करून द्यायला आलोय."

त्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती. आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाचीच भाविकाला भीती वाटत होती. हितेश, तिचा नवरा, फ्रिजला टेकून उभा होता. वसुलीच्या माणसाला त्याने पाणीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने जयदेव आत आले. भाविकाचे सासरे रोज सकाळी वाशीगावातल्या खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसत. होडी विकून कित्येक वर्षं झाली होती, पण सवय सुटली नव्हती.

"काका, तुमच्या मुलाच्या कार्डाचे पैसे थकलेत," तो माणूस त्यांच्याकडे वळून म्हणाला.

"किती?"

"माझ्या बँकेचे दोन लाख दहा हजार. आजच्या तारखेला. बाकीच्या दोन बँकांची माणसं वेगळी आहेत, त्यांचं मला माहीत नाही."

भाविकाला एका कार्डाचं ठाऊक होतं. तिने हितेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तो माणूस उठला, खिडकीपाशी गेला आणि पडदा जरासा बाजूला केला. "छान आहे घर. खाडी दिसते," तो म्हणाला. "येतो मी."

'येतो' हा शब्द तो गेल्यावरही बराच वेळ घरात राहिला.

तिन्ही कार्डांचे मिळून चार लाख ऐंशी हजार निघाले. त्यातली नवी खरेदी थोडीच होती. बहुतेक पैसा दोन वर्षांपूर्वी हितेशच्या बहिणीच्या, मोनालीच्या हळदीला गेला होता. मंडप, मटण, दारू, सगळं गाव जेवायला, आणि रात्रभर डीजे. डीजेवाल्याला रोख हवी होती म्हणून हितेशने कार्ड एटीएममध्ये घालून पैसे काढले होते. मग दर महिन्याला बँक जी कमीत कमी रक्कम सांगे तेवढीच तो भरत राहिला, आणि उरलेल्यावर व्याज चढत राहिलं. एका कार्डाचं भरायला दुसरं वापरलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं.

"मला का नाही सांगितलंस?" भाविकाने विचारलं.

"वाटलं, निभावून नेईन मी."

जयदेव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. 'माज्या पोरीची हलद गावात कोनी पायली नसंल अशी झाली पायजे,' असं तेव्हा ते दहा जणांसमोर बोलले होते. आता कोणी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

भाविका महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळत होती. दुसऱ्यांची बिलं लावण्यात तिचा दिवस जाई. त्या रविवारी तिने घराचं काम हातात घेतलं. बँकांशी बोलून दोन कार्डांचे हप्ते बांधून घेतले. ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते तिसरं कार्ड आधी संपवायचं ठरलं. हितेशची बुलेट विकली. पगार झाला की पहिल्यांदा कार्डाचे पैसे जाणार, मग उरेल त्यात घर चालणार. काही घ्यावंसं वाटलं तर दोन दिवस थांबायचं. दोन दिवसांनी बहुतेक वेळा ती वस्तू लागतच नसे. मोबाइलमधून जेवण मागवायचं बंद झालं. हितेश न्हावा शेवा बंदराच्या यार्डात कामाला जाताना घरचा डबा नेऊ लागला. शेजारच्या गंगूमावशींबरोबर भाविका एपीएमसीच्या घाऊक मार्केटला जाई, कांद्याची एक गोणी आणून तिघी-चौघी वाटून घेत. गावातल्या हळदींना जायचं, पण पाकिटात झेपेल तेवढंच घालायचं.

"आणि मी काय करू?" जयदेवांनी विचारलं.

भाविका हसली. "तुमचा काय खर्च आहे, बाबा? औषधं तेवढी. ती डोळ्यांची बाटलीच महाग येते. तीच स्वस्तात दुसऱ्या कंपनीची मिळते का, विचारू या डॉक्टरांना."

जयदेवांना काचबिंदू होता. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा, बाटली महिनाभर पुरायची, आणि दर चार महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, असं चाललं होतं.

"तू नको ताप करून घेव," ते म्हणाले. "मी बगतो."

भाविका लाइटच्या बिलाकडे वळली.

फोन मात्र थांबले नाहीत. पहिले काही महिने अनोळखी नंबरांवरून दिवसभर फोन येत. कधी मऊ आवाज, कधी शिव्या. एकदा कोणीतरी तिच्या ऑफिसातल्या साहेबांनाच फोन लावला. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की भाविका फोन कापून टाके.

पण आकडा उतरत होता. ते जास्त व्याजाचं कार्ड संपलं त्या दिवशी तिने ते कात्रीने कापलं आणि हितेशने कौतुकाने तिचा फोटो काढला. तिला या कामाची गोडी लागली होती. महिन्याअखेरीला हजार-दीड हजार जास्त वाचले की तिला एखादी साडी घेतल्यासारखं वाटे. औषधांचा खर्चही उतरला होता.

"बाबा पण किती सांभाळून करतात बघ," ती हितेशला म्हणाली.

"मेडिकलवाला ओळखीचा आहे त्यांच्या. स्वस्त देत असेल."

घरात दुसरंही काहीतरी चाललं होतं. जयदेवांच्या हातून वस्तू पडू लागल्या. ओट्यावरचा तांब्या पडला, दुधाचं पातेलं कलंडलं. एकदा डाळीची बरणी फुटली आणि काचांसकट डाळ टाकून द्यावी लागली. "बाबा, जरा बघून करा ना," भाविका म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती, ती तिलाही जाणवली. ते खाली बसून हाताने चाचपत काचा गोळा करत राहिले. एके सकाळी दाराच्या चौकटीवर त्यांचा कपाळाचा डावा भाग आपटला. टेंगूळ आलं. "अंधार होता," ते म्हणाले. बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं.

"डॉक्टरांकडे जायचं होतं ना या महिन्यात?"

"गावाला गेलीय डॉक्टरीन. आली की जाईन."

"थेंब आहेत ना?"

"हाय अजून बाटली."

गंगूमावशींनी एक दिवस जिन्यात भाविकाला थांबवलं. "तुजा सासरा माज्यावर रागावलाय का गो? बाजूनं गेले, हाक मारली, मान पन वलवली नाय."

"नाही हो मावशी. जरा गप्पच असतात हल्ली."

तिला वाटलं, वसुलीची माणसं गल्लीत विचारत फिरली, त्याची त्यांना लाज वाटत असेल. म्हणून लोकांना टाळत असतील. तिने हितेशलाही तसंच सांगितलं, आणि दोघांनी ठरवलं की त्यांना फार विचारायचं नाही. मोनालीला मुलगी झाली तेव्हा सगळे तिच्या सासरी उरणला गेले. बाळ जयदेवांच्या डाव्या हाताशी आणलं तर त्यांचे हात समोरच पसरलेले राहिले. मोनाली हसून म्हणाली, "अवो बाबा, इकडं!" सगळेच हसले. जयदेवही हसले. भाविकाला मात्र त्या हसण्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरी परतेपर्यंत ती ते विसरली.

शेवटच्या कार्डाचे थोडेच पैसे उरले होते. फेब्रुवारीत भाविकाला कंपनीकडून बोनस मिळाला आणि तिने ठरवलं, आजच सगळं भरून टाकायचं. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल घेऊन बसली. आकडा भरला, आणि बटण दाबणार तोच अनोळखी नंबरावरून फोन आला.

तिने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती चिडून ओरडलीच, "भरतेय ना मी! आजच भरतेय!"

"वैनी, मी नामा बोलतंय. धक्क्यावरून," पलीकडचा माणूस धापा टाकत होता. "काका खाली पडलं."

ओहोटी होती. खाली पाणी नव्हतं, चिखल होता, म्हणून जयदेव वाचले. नामा आणि आणखी दोघांनी त्यांना दोर लावून वर काढलं होतं. भाविका पोहोचली तेव्हा ते हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. अंगभर चिखल वाळून राखाडी झाला होता, डावा खांदा निखळला होता.

"पाय घसरला का?" तिने नामाला विचारलं.

नामाने तिला बाजूला नेलं. "घसरला नाय वैनी. सरळ चालत गेलं. धक्का संपला तरी चालतच व्हते. लहानपनापासून त्या धक्क्यावर हायत ते. मना काय समजला नाय."

खांदा बसवणाऱ्या तरुण डॉक्टरने त्यांच्या डाव्या बाजूने हात हलवून पाहिला. पुन्हा हलवून पाहिला. मग तो डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायला गेला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रासमोर बसवून त्यांची नजर तपासली. छापून आलेल्या कागदावर दोन गोल होते. एक जवळजवळ पूर्ण काळा होता. दुसऱ्याची डावी बाजू काळी होती.

"डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उजव्यातलीही डावीकडची नजर गेलीय. काका, थेंब रोज टाकत होतात?"

जयदेव खांद्याची पट्टी नीट करू लागले.

"बाबा?" हितेश म्हणाला.

"पयले एकाआड एक टाकला," जयदेव हळूच म्हणाले. "एक दिस डावा, एक दिस उजवा. बाटली जास्ती दिस जाते तशी. मंग उजव्यानं बरा दिसायचा, म्हनून त्यालाच टाकला. तो पन रोज नाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली फक्त सांभाळता येईल."

"मना म्हाईत हाय," जयदेव म्हणाले. "तुमीच सांगितला होता, पयल्या दिवशी."

बाहेर आल्यावर हितेश भिंतीला धरून उभा राहिला. त्याला रडू फुटलं होतं. "मला सांगायचं ना, बाबा! एका बाटलीने काय झालं असतं?"

"काय सांगाचा? डीजे मीच मागितला होता."

औषधांचा खर्च उतरला म्हणून भाविका खूश झाली होती. त्या खुशीत मेडिकलमध्ये जाऊन एकदा विचारावं, एवढंही तिच्या मनात आलं नव्हतं.

"बाबा, मी स्वस्तात मिळते का म्हणाले होते. बंद करा म्हणाले नव्हते."

"तू बरोबरच बोललीस पोरी." त्यांनी तिचा आवाज आला त्या बाजूला मान वळवली, जरा जास्तच वळवली. "चल. रिक्षा बग."

शेवटचे पैसे तिने त्याच आठवड्यात भरले. खातं बंद झाल्याचा मेसेज आला तेव्हा ती मार्केटच्या बाहेर रस्ता ओलांडायला थांबली होती. या दिवशी काय करायचं ते तिने आणि हितेशने कितीदा बोलून ठेवलं होतं. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. हितेशला रात्री सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

आता झोपताना थेंब ती स्वतः टाकते, दोन्ही डोळ्यांत. डाव्यात टाकून आता उपयोग फारसा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तरी ती टाकते, आणि जयदेव तिला अडवत नाहीत.

रविवारी मोनालीने उरणहून खाडीची ताजी मासळी, बोयटं, पाठवली. भाविकाने कालवण केलं, दोन तुकड्या तळल्या. जयदेवांचं ताट वाढून ती समोर बसली. त्यांनी तांदळाची भाकरी कालवणात बुडवून खाल्ली, भात खाल्ला. तळलेल्या तुकड्या ताटाच्या डाव्या कडेला तशाच राहिल्या.

"बरा झालाय कालवन," ते म्हणाले आणि हात धुवायला उठू लागले.

"थांबा, बाबा."

तिने ताट धरून हळूच फिरवलं. तुकड्या त्यांच्या समोर आल्या.

"अजून वाढलास?" त्यांनी विचारलं. "तुमाला ठेवलास ना?"

"हो. भरपूर आहेत."

त्यांनी एक तुकडी घेतली. दुसरी बोटांनी अर्धी मोडली, मोठा भाग हितेशसाठी म्हणून डावीकडे सरकवून ठेवला, आणि उरलेला काटे काढत सावकाश खाऊ लागले.