लिफ्टमधली तीस पानं

माझ्या भाचीने चित्रपटाची पटकथा लिहिली होती आणि ती कुणी वाचत नव्हतं. यात नवल काही नाही. नवल इतकंच, की तिला त्याचं वाईट वाटण्याऐवजी कुतूहल वाटत होतं.

"मामा, माणूस कागद नेमका कधी वाचतो रे?" तिने एकदा विचारलं.

"दुसरं काही करण्यासारखं नसेल तेव्हा," मी म्हणालो. जन्मभर विनोदी सदर लिहिल्यावर एवढं तरी कळतंच.

मी सहज बोललो, तिने मनावर घेतलं. तिची पटकथा शहाण्णव पानांची. ती ज्या निर्मात्याने वाचावी अशी तिची इच्छा होती, त्याचं ऑफिस एका जुन्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होतं. तिथे ती चार वेळा पटकथा देऊन आली होती. आलेल्या पटकथांच्या गठ्ठ्यावर त्यांनी टेबलपंखा ठेवला होता, आणि पंखा आता अगदी बरोबर उंचीवर आला होता.

इकडे घरी ताईने, म्हणजे तिच्या आईने, शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी जवळजवळ ठरवून टाकली होती. पुढचा महिना सोडून त्यानंतरच्या एक तारखेला रुजू व्हायचं. हाताशी दीड महिना होता. "तोवर त्या माणसाने तुझं बाड शेवटपर्यंत वाचलं, तर मी शब्द काढणार नाही," ताई म्हणाली. "नाही वाचलं, तर तूही काढायचा नाहीस."

भाची त्या इमारतीत गेली आणि लिफ्टने अकरा वेळा वरखाली केली. लिफ्टमन स्टुलावर बसून पाहत होता.

"बाई, तुम्हाला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. वर जायला किती वेळ लागतो ते बघतेय."

अडतीस सेकंद लागत होते. त्या अडतीस सेकंदांत लोक एकमेकांची नजर चुकवण्यासाठी लिफ्टच्या क्षमतेची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. पाटीखाली एक कागद मावेल एवढी जागा होती.

तिने लिफ्टमनला विचारलं. त्याने परवानगी दिली, पण एका अटीवर. उद्याचं पान त्याला आज वाचायला मिळालं पाहिजे.

मग ती घरी येऊन कापायला बसली. प्रत्येक पान अडतीस सेकंदांत वाचून झालंच पाहिजे. संवाद गेले, पाऊस गेला, नायिकेची मैत्रीण तर मुळासकट गेली. शहाण्णवची तीस पानं झाली. गोष्ट अशी: एक विधवा बाई रोज एकच बंद घड्याळ घेऊन घड्याळजीकडे येते, आणि तो रोज ते दुरुस्त केल्याचं नाटक करतो. हळूहळू त्याला कळतं, की बाईंना विसर पडत चाललाय.

रोज एक पान लागू लागलं. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक लिफ्टसाठी रांग लावू लागले. तिसऱ्या आठवड्यात भांडणं सुरू झाली.

झालं असं, की दुसऱ्या मजल्यावर एक विमा कंपनी होती. दुसरा मजला तेरा सेकंदांत यायचा, म्हणजे पान अर्धंही व्हायच्या आत. लिफ्टमन शिस्तीचा. "दुसरा आला, उतरा." वाचून होऊ द्या म्हटलं, तर तो म्हणायचा, "ही लिफ्ट आहे, वाचनालय नाही." आणि दुसऱ्या मजल्याने खाली जाताना जिना वापरावा, असा इमारतीचा नियमच होता.

सातव्या पानावर घड्याळजी बाईंच्या पर्समधून किल्ली काढून खिशात घालतो. पानाच्या खालच्या अर्ध्यात कळतं, की बाईंनीच त्याला जादा किल्ली करायला सांगितलंय आणि त्या ते विसरल्यात. विमा कंपनीला खालचा अर्धा कधीच मिळाला नाही. त्यांच्या मते घड्याळजी चोर होता. बाराव्या पानानंतर तो भामटा झाला. विसाव्या पानावर तो बाईंच्या औषधाची बाटली उजेडात धरून बघतो, तेव्हा तर दुसऱ्या मजल्याने त्याला फासावरच चढवलं.

"अहो, तो देवमाणूस आहे," पाचव्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर जिना उतरता उतरता म्हणे.

"डॉक्टर, तुम्ही माणसं तोंडावरून ओळखता," विम्याच्या हेडक्लार्कबाई म्हणत. "आम्ही कागदावरून ओळखतो."

एवढं सगळं होऊनही सहाव्या मजल्यावरून निरोप येईना. बाविसाव्या दिवशी भाचीने लिफ्टमनला विचारलं, "साहेब पान बघून काही बोलतात का हो?"

"साहेब? ते जिन्याने जातात. दोन वर्षं झाली. या लिफ्टमध्ये तीन लेखकांबरोबर चाळीस मिनिटं अडकले होते. त्यांनी कानाला खडा लावला."

"तुम्ही मला हे आता सांगताय?"

"तुम्ही आता विचारताय."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. आता उरलेली आठ पानं ती लावणारच नाही, असं मला वाटलं. पण तिला वेगळंच काही खुपत होतं. "मामा, दुसऱ्या मजल्याला शेवट काय वाटेल रे? त्यांच्यासाठी तरी लावते."

तिसाव्या दिवशी, एक तारखेला तीन दिवस उरले असताना, सहाव्या मजल्यावरून बोलावणं आलं.

साहेब वजनदार गृहस्थ. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून दम खात, हे तिला तेव्हा कळलं. हल्ली त्यांना दम खायला पुष्कळच वेळ लागे.

"त्या खुनी घड्याळजीची गोष्ट तुमची?" त्यांनी विचारलं. "खाली रोज ऐकतोय. बघू."

तिने तीस पानं पुढे ठेवली. साहेबांनी चष्मा लावला आणि ते वाचायला लागले. पहिलं पान, दहावं, एकोणिसावं. मध्ये फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला. तिसावं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण ही ती नव्हे."

"नाही."

"मला ती हवी."

भाचीला हो म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "ती मी लिहिलेली नाही. ती दुसऱ्या मजल्याची आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मग जाऊन विचारा त्यांना. देत असतील, तर दोन्ही लिहा. ही नंतर बघू. आधी ती. त्यांचं नाव पडद्यावर येईल, म्हणावं."

भाचीने ताईला हे सांगितलं, तेव्हा तिने एकेक बोट मिटत हिशेब केला. "म्हणजे त्याने शेवटपर्यंत वाचलं, आवडलं म्हणाला, आणि दुसरंच मागितलं."

"हो."

"शाळेत कळवून टाक मग. ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाची विमा कंपनीत गेली. चार टेबलं एकत्र ओढून सगळे डबे उघडून बसले होते. तिने आपण कोण ते सांगितलं. कुणी उठून उभं राहिलं नाही. हेडक्लार्कबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही होय ते? बरं झालं आलात. तुमची गोष्ट मध्येच भरकटत होती, आम्ही सांभाळून घेतली." त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पहिल्या पानापासून सांगते. मध्ये बोलायचं नाही."

भाचीने वही काढली आणि ती मध्ये बोलली नाही.